टेलिफोन उपकरणांचं तापणं, त्यापासून संरक्षण आणि तापमानावरची नजर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पीबीएक्स (ऑफिसचं स्वतःचं छोटं एक्स्चेंज), गेटवे (साधे फोन नेटवर्कला जोडणारं उपकरण), टेलिफोन कार्डं, पीओई स्विच (नेटवर्कच्या तारेतूनच फोनला वीज देणारे) आणि त्यांच्या मागच्या बॅटऱ्या सांभाळणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. कुठलंही उत्तर सुटं वाचलं तरी चालेल. एखादी गोष्ट दुसरीकडे सविस्तर आली असेल तर तिथला प्रश्न क्रमांक दिला आहे.

१. टेलिफोनच्या उपकरणात एवढं तापण्यासारखं असतं तरी काय? आवाजच तर इकडून तिकडे जातो.

आवाजाला वीज फारशी लागत नाही. लागते ती लाइन जिवंत ठेवायला. अॅनालॉग फोनला वीज तारेवरूनच मिळते. रिसीव्हर खाली असताना तारेवर साधारण ४८ व्होल्ट असतात, पण प्रवाह जवळजवळ नसतो. रिसीव्हर उचलला की २० ते ४० मिलिअँपिअर वाहू लागतात. २५ धरले तर ४८ व्होल्टला १.२ वॅट झाले. त्यातले जेमतेम ०.२ वॅट फोन घेतो. उरलेला सुमारे एक वॅट तारेत आणि लाइन सांभाळणाऱ्या चिपमध्ये उष्णता होऊन बाहेर पडतो. एका लाइनचं काही वाटत नाही, पण २४ पोर्टच्या कार्डावर सगळे एकाच वेळी बोलू लागले की एका लहान सोल्डरिंग आयर्नइतकी उष्णता त्या एवढ्याशा पट्टीवर तयार होते.

नव्या चिप रिसीव्हर उचलल्याबरोबर लाइनला द्यायचं व्होल्टेज स्वतःच खाली आणतात, म्हणून त्या बऱ्याच कमी तापतात. घंटी वाजवायला मात्र सगळ्यांनाच ७५ ते ९० व्होल्टची एसी, २० ते २५ हर्ट्झला, तयार करावी लागते. एका पोर्टवर चार-पाच फोन समांतर जोडले असतील तर तो भार घंटीच्या वेळी जाणवतो. प्रोसेसर आणि पॉवर सप्लायची उष्णता यावर वेगळी.

२. कार्डाला हात लावला तर चटका बसतो. हे नॉर्मल आहे का?

असू शकतं. धातू साधारण ५० अंशांच्या पुढे गेला की बोट टिकत नाही, पण सिलिकॉनसाठी ५० अंश म्हणजे काहीच नाही. सर्वसाधारण व्यापारी दर्जाचे सुटे भाग ७० अंशांच्या हवेत चालतील असे बनवलेले असतात आणि चिपच्या आतला सिलिकॉन बहुतेकदा १२५ अंशांपर्यंत चालतो. बोट हा तापमापक नाही.

हात लावून एकच गोष्ट छान कळते, ती म्हणजे फरक. सारखाच भार असलेल्या चार कार्डांपैकी एकच जास्त गरम असेल, तर त्या कार्डाकडे बघा.

३. एकाच डब्यात एक सेन्सर ३१ दाखवतो, दुसरा ४८ आणि तिसरा ७२. खरा कुठला?

तिन्ही खरे. या पानावरचे निम्मे प्रश्न याच एका गोंधळातून येतात, म्हणून जरा थांबून सांगतो. तापमानाचा आकडा जागेशिवाय निरर्थक असतो.

३१ हा बहुधा हवा आत शिरते तिथला आहे. तो खोलीबद्दल सांगतो. ४८ हा बोर्डावरचा किंवा हवा बाहेर पडते तिथला. त्यात उपकरणाची स्वतःची उष्णता मिसळलेली असते. ७२ हा एखाद्या चिपच्या आतल्या डायोडवरून मोजलेला. भार वाढला की तो काही सेकंदांत उडी मारतो आणि तितक्याच पटकन खाली येतो.

खोलीत काही बिघडलं तर तिन्ही आकडे जवळपास सारखेच वर सरकतात. पंखा बिघडला किंवा जाळीत धूळ बसली तर आत शिरणाऱ्या हवेचा आकडा तसाच राहतो आणि बाकीचे चढतात. फक्त चिपचाच आकडा चढला तर भार तपासा, किंवा हीटसिंक (चिपची उष्णता ओढून घेणारा धातूचा तुकडा) नीट बसलेला नाही. म्हणून मी नेहमी दोन आकडे लिहून ठेवायला सांगतो: आत शिरणारी हवा, आणि तिच्यात व बाहेर पडणाऱ्या हवेत असलेला फरक. उत्पादकाने छापलेली मर्यादा या तिघांपैकी कुठल्या जागेची आहे, तेही आधी पाहून घ्या. 'कमाल ४०' हे शब्द जवळजवळ नेहमी आत शिरणाऱ्या हवेबद्दल असतात. चिपवर ७२ बघून घाबरण्याचं कारण नाही.

४. लॉगमध्ये 'पॉवर अलार्म ऑन मॉड्यूल, रीसेटिंग' असा संदेश येतो. हा तापमानाचा अलार्म आहे का?

आडवळणाने, हो. अॅस्टेरिस्क या पीबीएक्स सॉफ्टवेअरबरोबर वापरल्या जाणाऱ्या, टेलिफोन कार्डं चालवणाऱ्या डाहडी ड्रायव्हरमध्ये फोन जोडायच्या पोर्टसाठी हा संदेश येतो. त्या मॉड्यूलवर लाइनचा प्रवाह चिपच्या बाहेरच्या सुट्या ट्रान्झिस्टरमधून जातो. त्या ट्रान्झिस्टरवर सेन्सर नसतो. मग चिप काय करते? ट्रान्झिस्टरवरचं व्होल्टेज आणि त्यातला प्रवाह सतत मोजते, गुणाकार करून वॅट काढते आणि ट्रान्झिस्टर तापायला जितका वेळ घेईल त्या हिशेबाने तो आकडा गाळून घेते. म्हणजे तापमान मोजलेलं नसतं, वॅटवरून त्याचा अंदाज बांधलेला असतो. अंदाज मर्यादेबाहेर गेला की पोर्ट बंद.

ज्या चिपमध्ये लाइनचा ट्रान्झिस्टर आतच असतो, तिथे थेट मोजता येतं. आतलं तापमान साधारण १५० अंशांच्या आसपास गेलं की अशी चिप लाइनची वीज तोडते आणि थोडी निवल्यावर पुन्हा जोडते.

दोन्ही प्रकारांत कारण बहुधा तारेवर असतं: तारा एकमेकींना चिकटलेल्या, बाहेरून वीज शिरलेली (प्रश्न १३), किंवा चुकून दोन पोर्ट एकमेकांना जोडलेले. संदेश कधीतरी वादळाच्या वेळी एकदा आला तर सोडून द्या. एकाच मॉड्यूलवर रोज येत असेल तर कार्ड बदलण्याआधी तार तपासा.

५. एक लाइन मरते, थोड्या वेळाने आपोआप परत येते, पुन्हा मरते. गेटवे दोनदा बदलला. आता काय?

घड्याळ घेऊन बसा.

अशीच एक तक्रार घेऊन मी गेलो होतो. आठ पोर्टचा गेटवे, बंद कपाटात, त्याच्या डोक्यावर राउटर ठेवलेला. तिसऱ्या पोर्टवर टोन यायचा, पाऊण मिनिटात तुटायचा, दहा-पंधरा सेकंद शांतता, पुन्हा टोन. मी सात-आठ फेऱ्या कागदावर लिहिल्या. जवळजवळ ठरलेल्या वेळाने चाललं होतं. सैल तारेला अशी लय नसते, ती दार आपटलं, खुर्ची सरकली की करकरते. ठरावीक अंतराने येणं-जाणं म्हणजे काहीतरी तापतंय, तुटतंय, निवतंय आणि परत जुळतंय. पोर्टमधून तार काढली तर वीस मिनिटं पोर्ट अगदी शहाण्यासारखा वागला. मग भिंतीवरच्या जोडपेटीचं झाकण काढलं. आत दोन तारांची टोकं हिरवी पडून एकमेकींना टेकली होती. गेटवेला वाटत होतं रिसीव्हर कायम उचललेला आहे, आणि सगळी वीज चिप स्वतःच्या अंगावर घेत होती. कपाट उघडं असतं तर ती कदाचित निभावून गेली असती आणि दोष कधी दिसलाच नसता.

क्रम असा ठेवा: वेळ लिहा, तार काढून पोर्ट एकटा तपासा, मग तार, मग कपाटातली हवा. गेटवे सर्वांत शेवटी.

६. फोन अगदी शेजारच्या खोलीत आहे. लांबच्या लाइनपेक्षा चिप कमी तापायला हवी ना?

उलट आहे. चिप प्रवाह ठरावीक ठेवते. २५ मिलिअँपिअरला ८०० ओहमची लांब लाइन २० व्होल्ट स्वतः खाते, म्हणजे अर्धा वॅट उष्णता वाटेतल्या तारेत पसरते. जवळच्या फोनला तारेचा रोध नगण्य, त्यामुळे तो अर्धा वॅटही चिपच्याच वाट्याला येतो. ४८ व्होल्ट कायम ठेवणाऱ्या जुन्या कार्डांवर हा फरक ठळक दिसतो. अशा कार्डाला लाइनचा प्रवाह कमी करायची सेटिंग असेल तर २० मिलिअँपिअरवर आणा. जवळच्या फोनला तेवढं पुरतं.

७. अलार्म कितीला लावावा?

आधी आठवडाभर काहीच लावू नका, नुसती नोंद घ्या. सर्वांत गर्दीच्या तासाची आणि दिवसातल्या सर्वांत गरम वेळेची नोंद त्यात आली पाहिजे. त्या आठवड्यातल्या कमाल आकड्याच्या पाच-सात अंश वर 'सावध' आणि उपकरण स्वतःहून बंद पडतं त्याच्या दहा अंश खाली 'गंभीर', अशी सुरुवात मला योग्य वाटते. प्रत्येक सेन्सरला वेगळी मर्यादा लावा. सगळ्यांना एकच आकडा लावणं म्हणजे प्रश्न ३ मधला गोंधळ अलार्ममध्ये उतरवणं.

अलार्म वाजायचा आणि थांबायचा आकडा एकच ठेवू नका. ५० ला वाजला आणि ५० लाच थांबला तर सीमेवर रात्रभर चालू-बंद होत राहील आणि दुसऱ्या दिवशी कोणीतरी वैतागून तो बंद करून टाकेल. एलएम७५ ही सेन्सर चिप वीज मिळताच ८० ला वाजणं आणि ७५ ला थांबणं असे आकडे स्वतःहून धरते, ते याचसाठी. हे आकडे कोणी बदललेच नाहीत, असंही पुष्कळदा आढळतं. बोर्ड ६५ लाच बेजार होत असेल तर तो ८० चा अलार्म कोणाच्या उपयोगाचा नाही.

जमलं तर चढण्याच्या वेगावरही अलार्म लावा. दहा मिनिटांत पाच अंश चढले तर पंखा गेला आहे किंवा वाट बंद झाली आहे. मर्यादा गाठायच्या कितीतरी आधी हे कळतं.

८. तापमान लांबून कसं पाहायचं?

सर्व्हरवर पीबीएक्स असेल तर आयपीएमआय, म्हणजे सर्व्हरवर लांबून नजर ठेवायची सोय. तो मुख्य प्रोसेसर गोठला तरी उत्तर देतो, कारण तो वेगळ्या छोट्या कंट्रोलरवर चालतो. लिनक्सच्या आतून पाहायचं तर एलएम-सेन्सर्स हा प्रोग्राम. गेटवे आणि स्विचसाठी एसएनएमपी, म्हणजे नेटवर्कवरून उपकरणाला त्याची स्थिती विचारायची पद्धत.

इथे दोन ठिकाणी लोक अडकतात. पहिलं, आकड्याचं एकक. लिनक्सच्या फाइलमध्ये ४१५०० दिसलं तर ते ४१.५ अंश आहे. एसएनएमपीमध्ये सेन्सरसाठी आरएफसी ३४३३ या मानकात ठरवलेली रचना वापरली असेल तर आकड्याबरोबर दशांशाची जागा वेगळी दिलेली असते, ती न वाचता घेतलं तर ४१५ अंश दिसतात. दुसरं, ट्रॅप, म्हणजे उपकरणाने स्वतःहून पाठवलेला इशारा. एसएनएमपीचा साधा ट्रॅप यूडीपीवरून जातो आणि त्याची पोच येत नाही. वाटेत हरवला तर हरवला. म्हणून ट्रॅप असला तरी दर काही मिनिटांनी स्वतः जाऊन विचारणं ठेवाच.

आणि कळकळीची विनंती: अलार्मचा फोन त्याच पीबीएक्समधून जाईल अशी व्यवस्था करू नका. जो तापून पडणार आहे, त्यालाच 'मी पडतोय' हे कळवायला सांगण्यात अर्थ नाही. निरोपाची वाट वेगळी हवी.

९. सेन्सर कायम १२७ दाखवतो. कधी शून्य, कधी उणे. उपकरण तर चालू आहे.

१२७, २५५, उणे १२८ हे आकडे तापमान नसतात. आठ बिटांत मावणाऱ्या टोकाच्या संख्या आहेत त्या. सेन्सर जोडलेला नाही किंवा उत्तर देत नाही, एवढाच त्यांचा अर्थ. अगदी न हलणारा आकडाही संशयास्पद असतो. खरा सेन्सर दिवसभरात एक-दोन अंश तरी हलतो.

एक अपवाद लक्षात ठेवा: काही प्रोसेसर जाणूनबुजून खरं तापमान सांगत नाहीत. ते पंख्याच्या नियंत्रणासाठी स्वतःची एक मोजपट्टी वापरतात आणि तिच्यावरचा आकडा खऱ्या अंशांपेक्षा वेगळा असतो. तिथे उत्पादकाच्या मर्यादेपासून किती दूर आहोत एवढंच बघायचं. असा अर्थहीन सेन्सर अलार्ममधून काढताना कारण लिहून ठेवा, नाहीतर पुढच्या माणसाला वाटेल विसरलं होतं.

१०. तापमान मर्यादेत आहे, अलार्म नाही, तरी दुपारी फॅक्स जात नाहीत आणि बोलताना टकटक ऐकू येते.

उपकरणाचं आतलं घड्याळ सरकतंय. ई१ या डिजिटल टेलिफोन लाइनवर सेकंदाला ८००० फ्रेम जातात, म्हणजे एक फ्रेम १२५ मायक्रोसेकंदांची. दोन टोकांच्या घड्याळांत दहा लाखात एक एवढा फरक असला तरी दर १२५ सेकंदांनी एक फ्रेम गळते किंवा दोनदा येते. दहा लाखात ५० एवढा फरक असेल तर दर अडीच सेकंदांनी. बोलण्यात ती बारीक टकटक, पण फॅक्सचं पान तिथेच तुटतं.

क्वार्ट्झचा स्फटिक तापमानाप्रमाणे आपला वेग बदलतो. लाइनवरून घड्याळ घ्यायची सेटिंग बरोबर असेल तर त्याने काही बिघडत नाही, कारण स्थानिक स्फटिक समोरच्याच्या मागे चालतो. सेटिंग चुकलेली असेल तर सकाळच्या थंडाव्यात सगळं जुळतं आणि दुपारी विस्कटतं. म्हणून इथे एसी वाढवू नका, आधी घड्याळाचा स्रोत तपासा. 'स्लिप'चा (गळलेल्या किंवा दोनदा आलेल्या फ्रेमचा) काउंटर असेल तर तो तापमानाच्या आलेखाशेजारी ठेवून बघा.

११. बोर्डावर एक धातूचा छोटा डबा कायम गरम असतो, खोली थंड असली तरी. बिघडलाय का?

बहुधा नाही. तो भट्टीतला ऑसिलेटर, म्हणजे घड्याळाचे ठोके देणारा स्फटिक, असावा. प्रश्न १० मधली अडचण टाळायला स्फटिक आत मुद्दाम खोलीपेक्षा बराच गरम, एकाच तापमानाला ठेवलेला असतो. त्याच्यावर हीटसिंक चिकटवू नका, पंख्याचा झोतही सोडू नका. तो थंड पडला असेल तर मात्र काळजी करा.

१२. आकडा अलार्मच्या खालीच असतो, पण कायम चढा. त्याने काही बिघडतं का?

आज नाही बिघडत, आयुष्य कमी होतं. सर्वांत आधी पॉवर सप्लायमधले इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर झिजतात. त्यांच्यासाठी सर्वमान्य हिशेब असा की दर १० अंशांमागे आयुष्य निम्मं होतं. १०५ अंशांना २००० तास असं छापलेला कपॅसिटर ६५ अंशांना सुमारे ३२,००० तास टिकतो, म्हणजे साडेतीन वर्षांच्या वर. तोच ७५ ला ठेवला तर १६,००० तास, दोन वर्षंसुद्धा नाहीत. दहा अंशांची किंमत ही आहे, आणि ती कुठल्याही अलार्मवर दिसत नाही. कपॅसिटर झिजल्यावर काय होतं ते प्रश्न १९ मध्ये आहे.

१३. बाहेरून येणाऱ्या तारेवर विजेची मेन लाइन पडली तर संरक्षण कसं होतं?

व्होल्टेज खूप असेल तर गॅस भरलेली अरेस्टर नळी पेटते, म्हणजे तिच्यातून वीज वाहू लागते, आणि वीज जमिनीत जाते. जास्त चकवणारा प्रकार म्हणजे नळी पेटणार नाही इतकं कमी व्होल्टेज, पण तार हळूहळू तापवेल इतका प्रवाह. त्यासाठी जुन्या एक्स्चेंजांत हीट कॉइल असायची. आतली पिन कमी तापमानाला वितळणाऱ्या सोल्डरने धरून ठेवलेली. प्रवाह टिकला की सोल्डर वितळतं, स्प्रिंग पिनला ढकलते आणि लाइन जमिनीला जोडली जाते. एकदा उडाली की बदलायची. उष्णतेलाच पहारेकरी बनवणारी ही रचना मला आजही फार आवडते.

आता तिथे बहुतेकदा पीटीसी हा रोधक असतो. तापला की त्याचा रोध अनेक पटींनी वाढतो, वीज हटून निवला की पूर्ववत होतो. पण पीटीसीला प्रवाहाची उष्णता आणि कपाटाची उष्णता यातला फरक कळत नाही. पेटी आधीच गरम असेल तर तो कमी प्रवाहालाच उडतो. कडक उन्हातल्या बाहेरच्या पेटीत निर्दोष लाइन दुपारी मरत असेल तर हेही मनात ठेवा.

१४. हवा लागावी म्हणून झाकण काढून ठेवलं, तर तापमान वाढलं. असं कसं?

पंख्याचं उपकरण असेल तर असंच होणार. झाकण ही हवेच्या बोगद्याची भिंत असते. ती गेली की हवा जवळचा रस्ता धरते आणि लांबच्या चिपपर्यंत पोचतच नाही. रिकाम्या स्लॉटवरच्या पट्ट्या काढून टाकल्या तरी हेच होतं.

१५. पंखा नसलेले गेटवे एकावर एक ठेवले तर चालतील का?

नाही. त्यांचं वरचं आणि खालचं पत्रं हाच त्यांचा पंखा असतो. मध्ये मोकळी जागा सोडा, शक्य असेल आणि उत्पादकाची परवानगी असेल तर भिंतीवर उभे लावा.

१६. पीओई स्विचवरचे काही फोन गरमीत बंद पडतात, काही चालू राहतात.

स्विच तापला की वीज पुरवण्याची क्षमता कमी करतो आणि कमी प्राधान्याचे पोर्ट आधी सोडतो. प्राधान्य ठरवलेलं नसेल तर बहुतेक ठिकाणी पोर्टच्या क्रमांकावरून निकाल लागतो. महत्त्वाच्या फोनना प्राधान्य द्या. प्रत्येक पोर्टला १५.४ वॅट राखून ठेवले असतील आणि फोन चार-पाच वॅटच घेत असतील, तर नेमकी मागणी वाटाघाटीने ठरवणारी सेटिंग चालू करा.

१७. बॅटरीवर सेन्सर का लावतात? ती तर नुसती बसून असते.

४८ व्होल्टच्या यंत्रणेत शिसे-आम्लाचे २४ सेल असतात आणि त्यांना कायम सुमारे ५४ व्होल्टवर तरंगत, म्हणजे चार्जरला सतत जोडून भरलेलं, ठेवलेलं असतं. सेल गरम झाला की त्याच व्होल्टेजला जास्त प्रवाह घेतो, जास्त प्रवाहाने आणखी तापतो. बंद प्रकारच्या बॅटरीत हे चक्र हाताबाहेर जाऊन डबा फुगतो, वितळतो. म्हणून चार्जरला तापमान कळावं लागतं: दर अंशामागे दर सेलला साधारण ३ मिलिव्होल्ट कमी. खोली २५ वरून ३५ वर गेली तर एकूण सुमारे ०.७ व्होल्ट.

सेन्सर बॅटरीच्या अंगावर, मधल्या डब्यावर हवा. भिंतीवर लटकणारा सेन्सर मी अनेकदा पाहिला आहे आणि दर वेळी तो काढून जागेवर लावायला लावला आहे. बॅटरी खोलीपेक्षा गरम होत चालली असेल, तर खोलीचा आकडा कितीही चांगला असो, ती बाजूला काढा.

१८. जास्त तापल्यावर यंत्रणा आपोआप बंद होऊ द्यावी का? आपत्कालीन फोनचं काय? आणि एसीच बंद पडला तर?

चिपमधलं आणि पॉवर सप्लायमधलं संरक्षण कधीही निष्प्रभ करू नका, ते आग टाळण्यासाठी आहे. सॉफ्टवेअरने लावलेलं बंद होणं मात्र विचारपूर्वक लावा. त्या लाइनवर कोणी मदत मागणार असेल तर आधी भार उतरवा: ध्वनिमुद्रण, अहवाल, चाचणीची यंत्रं, न लागणारे पोर्ट. बंद करणं शेवटी.

अनेक अॅनालॉग गेटवेत वीज गेल्यावर एक फोन थेट बाहेरच्या लाइनला जोडणारा रिले असतो. तो वीज गेल्यावर पडतो, म्हणजे सुटून ही जोडणी करतो. प्रोसेसर तापून गोठला आणि वीज चालूच राहिली तर काही मॉडेलमध्ये तो पडतच नाही. प्लग काढून केलेली चाचणी त्यामुळे पुरेशी नाही. गोठलेल्या अवस्थेतही करून बघा.

एसीबद्दल: टेलिकॉम दर्जाच्या उपकरणांसाठी जीआर-६३ या मानकात रोजची मर्यादा ५ ते ४० अंश आहे आणि थोड्या काळासाठी ५० पर्यंत, पण सलग ९६ तासांपेक्षा जास्त नाही आणि वर्षात एकूण १५ दिवसांपेक्षा जास्त नाही. साध्या ऑफिस सर्व्हरला ही सूट नाही. त्याच्यासाठी १८ ते २७ हीच शिफारस धरा.

१९. वर्षानुवर्षं चाललेला गेटवे वीज जाऊन आल्यावर सुरूच होत नाही. गरम हवा मारली की सुरू होतो. तापणं वाईट ना?

इथे उष्णता जुनं दुखणं लपवत होती. झिजलेल्या कपॅसिटरचा अंतर्गत रोध थंडपणी फार वाढतो आणि गरम झाला की कमी होतो. उपकरण चालू असेपर्यंत स्वतःच्या उबेवर तगून राहतं. एकदा बंद होऊन निवलं की उठत नाही. गरम हवेने सुरू केलात तर ते फक्त सप्लाय बदलेपर्यंतचं आहे असं समजा. तोवर त्याची वीज काढू नका, आणि त्याच वेळी बसवलेल्या त्याच्या जोडीदार उपकरणांचे सप्लायही मागवून ठेवा.